बेअरिंग बदललं तरी पुन्हा तोच आवाज: मोटर-पंपाचं बेअरिंग वारंवार जात असेल तर काय तपासायचं

आधी लक्षणं. यातली दोन-तीन जरी तुमच्या मशीनला लागू पडत असतील तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- नवं बेअरिंग टाकल्यावर मशीन काही दिवस गप चालतं, मग कपलिंगच्या बाजूला बारीक घरघर सुरू होते आणि वाढत जाते.
- हाउसिंगवर हात टेकवत नाही. ग्रीस मारलं की आवाज दोन दिवस बसतो, मग परत येतो.
- कपलिंगखाली रबराची काळी भुकटी पडते. बुश किंवा स्पायडर (कपलिंगच्या दोन भागांमधला रबरी तुकडा) वारंवार बदलावा लागतो.
- मेकॅनिकल सील बेअरिंगच्या जरा आधी किंवा बरोबरच गळायला लागतो.
- पायाचे बोल्ट दर वेळी ढिले सापडतात.
- हिस्टरी कार्डवर त्याच बाजूच्या त्याच बेअरिंगची नोंद पुन्हा पुन्हा दिसते. शेजारचं तसंच मशीन मात्र कधी उघडावंच लागलेलं नसतं.

हे शेवटचं लक्षण सगळ्यात बोलकं. बेअरिंगचं कॅटलॉगमधलं आयुष्य म्हणजे त्या भाराखाली शंभरातली नव्वद बेअरिंगं जेवढे फेरे पार करतात तो आकडा. एखादं बेअरिंग लवकर जाणं हा नशिबाचा भाग असू शकतो. एकाच जागी तिसऱ्यांदा गेलं तर त्यात नशिबाचा काही संबंध नाही. तिथे बेअरिंगला कुणीतरी मारतंय, आणि चौथं बेअरिंग टाकून तो मारेकरी सापडणार नाही.

पुढचं सगळं कपलिंगने किंवा बेल्टने जोडलेल्या मोटर-पंप, मोटर-ब्लोअर अशा साध्या जोड्यांबद्दल आहे. गिअरबॉक्स, टर्बाइन, मोठे कॉम्प्रेसर यांचं गणित वेगळं.

गार्ड काढण्याआधी मोटरची वीज तोडून स्वतःचं कुलूप लावा, टॅग लावा आणि स्टार्ट बटण दाबून मशीन खरंच मेलंय याची खात्री करा. पंप असेल तर दोन्ही वॉल्व्ह बंद करून दाब उतरवा. वर टाकी असेल तर पाणी उलटं येऊन मोटर फिरवू शकतं, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

पहिलं काम फुकटचं: जुनं बेअरिंग फेकू नका

स्क्रॅपच्या ड्रममध्ये गेलेलं बेअरिंग म्हणजे गेलेला पुरावा. काढण्याआधी बाहेरच्या रिंगवर वरची बाजू कुठे होती आणि कपलिंगकडे कोणतं तोंड होतं, याची मार्करने खूण करा. या दोन खुणा नसतील तर नंतर आत जे दिसेल त्यातलं निम्मं समजणार नाही. मग ग्रीसचा थोडा नमुना वेगळा काढून ठेवा, बेअरिंग धुऊन, केज (बॉल जागेवर धरणारा पिंजरा) तोडून, रिंगा मोकळ्या करा. बॉल कुठून धावत होते तो पट्टा उजेडात तिरका धरला की स्पष्ट दिसतो.

शाफ्ट फिरतो आणि भार एका दिशेने येतो अशा निरोगी मशीनमध्ये आतल्या रिंगवर पट्टा सगळीकडून आणि मधोमध असतो. बाहेरच्या रिंगवर तो फक्त भाराच्या बाजूला, निम्म्याहून कमी घेरात असतो. यापेक्षा वेगळं काही दिसलं की मारेकऱ्याचा माग लागला:

- बाहेरच्या रिंगवर पट्टा तिरपा, एका ठिकाणी डाव्या कडेला तर समोर उजव्या कडेला: हाउसिंग आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत.
- पट्टा पूर्ण घेरात, पण एका कडेला सरकलेला: आडवा रेटा येतोय. बहुधा दोन्ही टोकांची बेअरिंगं जखडली गेलीत.
- बाहेरच्या रिंगवर पट्टा पूर्ण आणि आतल्या रिंगवर एकाच बाजूला, म्हणजे नेमकं उलटं: भार शाफ्टबरोबर फिरतोय. फॅनचं किंवा इम्पेलरचं (पंपातल्या फिरत्या चाकाचं) बॅलन्सिंग बघा.
- दोन्ही रिंगांवर रुंद, पूर्ण पट्टा आणि निळसर-तपकिरी रंग: आतली मोकळीक संपली, बेअरिंग आवळलं गेलं.
- बॉलमधल्या अंतरानेच पडलेले खड्डे: बसवताना हातोड्याचा मार बॉलवरून गेला, किंवा मशीन बंद उभं असताना शेजारच्या मशीनच्या थरथरीने ते पडले.
- बाहेरच्या रिंगची पाठ गुळगुळीत घासलेली किंवा गंजासारखी लालसर: रिंग हाउसिंगमध्ये फिरत होती.
- रेसवर (बॉल धावतात त्या खाचेवर) शिडीसारख्या समांतर आडव्या रेघा: वीज. यावर पुढे बोलतो.

एक खबरदारी. बाहेरच्या रिंगला पुलर लावून ओढून काढलेल्या बेअरिंगवर काढतानाचेही खड्डे पडतात. ते चकचकीत, ताजे आणि धावपट्टीच्या वर बसलेले असतात. त्यांच्यावरून बॉल धावल्याची खूण नसते. त्यांना दोषात धरू नका.

याच वेळी नंबर पूर्ण वाचा. ६३०९ आणि ६३०९ सी-३ ही एकाच मापाची दोन वेगळी बेअरिंगं आहेत. सी-३ मध्ये आतली मोकळीक जास्त असते. मोटरचा शाफ्ट गरम होऊन फुगतो म्हणून तिथे बहुतेक वेळा सी-३ लागतं. स्टोअरमध्ये सी-३ नव्हतं म्हणून साधं टाकलं, एवढ्याने मशीन दर वेळी तापताना दिसतं. तपासायला दोन मिनिटं लागतात.

ग्रीस: कमीपेक्षा जास्तच मारलं जातं

आवाज आला की ग्रीस गन उचलायची, ही सवय. भरपूर ग्रीस म्हणजे भरपूर काळजी असा समज आहे, पण गच्च भरलेल्या बेअरिंगमध्ये बॉलना ग्रीस घुसळत राहावं लागतं. त्यातून उष्णता होते आणि तेल सुटून नुसता साबण (ग्रीसला घट्टपणा देणारा भाग) उरतो. ७० अंश सेल्सिअसच्या वर दर १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य निम्मं धरायचं, असा बेअरिंगवाल्यांचा ठोकताळा आहे.

किती मारायचं याचं साधं सूत्र: बाहेरचा व्यास मिमीमध्ये, गुणिले रुंदी मिमीमध्ये, गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. ६३०९ चा बाहेरचा व्यास १०० आणि रुंदी २५, म्हणजे साडेबारा ग्रॅम. आता तुमची गन एका दाबाला किती ग्रॅम देते ते मोजा. कागदावर दहा दाब काढून काट्यावर ठेवा. गनागणिक हा आकडा बदलतो, म्हणून ‘चार दाब मार’ या सूचनेला काही अर्थ नसतो. मारताना ड्रेन प्लग उघडा ठेवा, नाहीतर जुनं ग्रीस मोटरच्या वाइंडिंगकडे जातं. निपलवरची (ग्रीस भरायच्या तोंडावरची) धूळ पुसायला विसरू नका. गन ती धूळ थेट बेअरिंगमध्ये ढकलते.

ग्रीस मारल्यावर तापमान थोडं चढून काही तासांत उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही उतरलं नसेल तर जास्त झालंय.

दोन ग्रीस मिसळू नका. मोटरमध्ये कारखान्यातून बरेचदा पॉलियुरिया ग्रीस येतं आणि आपल्या गनमध्ये लिथियमचं असतं. यांचं मिश्रण पुष्कळदा पातळ होऊन वाहून जातं किंवा कडक होतं. आणि दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं बेअरिंग निपलच्या जागी बसवलं असेल तर बाहेरून मारलेलं ग्रीस आत जातच नाही, नुसतं हाउसिंग भरतं. असं मशीन बऱ्याच ठिकाणी सापडतं आणि त्यावर ग्रीसिंगची सही मात्र नियमित असते.

बोल्ट, बेल्ट, पाया

पायाचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा. सारखे ढिले होत असतील तर नुसते आवळून निघून जाऊ नका, खालचं ग्राउटिंग (बेसफ्रेमखाली भरलेला सिमेंटचा थर) पोकळ झालंय का बघा. बेसफ्रेमवर हातोडीने हलके ठोका. भरीव जागी आवाज बद्द येतो, पोकळ जागी घुमतो.

बेल्टचं मशीन असेल तर ताण मोजा. पुली-पुलीमधल्या मोकळ्या भागाच्या मधोमध, बेल्टच्या कोष्टकात दिलेल्या जोराने दाबल्यावर, दर मीटर अंतराला साधारण १६ मिमी दबलं पाहिजे. बेल्ट घसरतो म्हणून आवळत नेणारे बरेच असतात. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या उलट प्रमाणात जातं, म्हणजे भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या भागावर येतं. बेल्ट घसरत असेल तर पुलीच्या खाचा झिजल्यात का बघा. खाचेत बेल्ट तळाला टेकलेला दिसला तर दोष पुलीत आहे, आवळून काही होणार नाही.

सॉफ्ट फूट

इथून पुढे डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मोजमापाचं यंत्र) लागतो. मोटरचे चार पाय बेसवर सारखे टेकत नसतील तर बोल्ट आवळताना मोटरची बॉडीच पिळली जाते आणि दोन्ही बेअरिंगांच्या जागा एकमेकींना तिरक्या होतात. सगळे बोल्ट आवळलेले ठेवा, एका पायावर डायल लावून शून्य करा, फक्त तोच बोल्ट ढिला करा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त उचललं तर तो पाय लंगडा. परत आवळून पुढच्या पायाकडे जा. दोन बोल्ट एकदम ढिले केलेत तर आकड्यांना अर्थ राहत नाही.

लगेच शिम (पायाखाली घालायची पातळ पत्री) कापायला घेऊ नका. निम्म्या वेळा कारण पायाखालचा रंग, गंज, बर किंवा चुरगळलेली जुनी शिम असते. घासून साफ करा, मग परत मोजा. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) पायाच्या चारही कोपऱ्यांत घालून बघा. एका कोपऱ्यात जातो आणि समोरच्यात जात नाही, तर पाय तिरका आहे आणि सपाट शिमने तो सुधारणार नाही. एका पायाखाली तीन-चारपेक्षा जास्त शिमा नकोत. पातळ शिमांची चवड दाबली जाते आणि बोल्ट पुन्हा ढिला पडतो.

अलाइनमेंट

अलाइनमेंट म्हणजे मोटरचा आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत आणणं. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा मशीनांमध्ये सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच निघाला, म्हणून इथे जरा थांबू.

पहिला गैरसमज: ‘फ्लेक्सिबल कपलिंग आहे, चालतंय.’ कपलिंगच्या कागदावर अर्धा-एक मिमी चालेल असं लिहिलेलं असतं ते कपलिंग किती सहन करेल याबद्दल. तेवढं वाकडं असताना जो रेटा येतो तो बेअरिंग आणि सील सोसतात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. १५०० आरपीएमला मी समांतर फरक ०.१० मिमीच्या आत आणि कोनातला फरक दर १०० मिमी व्यासाला ०.०७ च्या आत आणतो. ३००० आरपीएमला दोन्ही ०.०५ च्या आत. तुमच्याकडे कंपनीची स्वतःची मर्यादा असेल तर तीच पाळा.

दुसरा गैरसमज: पट्टी आणि फिलर गेज पुरेसे आहेत. जवळपास आणायला आहेत, पण शेवटचा दशांश त्यात दिसत नाही. कपलिंगची बाहेरची कड स्वतःच शाफ्टशी मध्यात नसते. लेझर असेल तर उत्तम. नसेल तर डायलने तेवढंच चांगलं काम होतं, फक्त तीन गोष्टी सांभाळा.

दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवा, म्हणजे कपलिंगच्या कडेतला दोष मोजमापात येत नाही.

कडेवरचं वाचन निम्मं करा. वर शून्य आणि खाली उणे ०.४० आलं तर खरा फरक ०.२० आहे. पूर्ण ०.४० ची शिम घालून दुसऱ्या बाजूला तेवढंच वाकडं केलेलं मशीन तुम्हीही पाहिलं असेल.

डायलच्या ब्रॅकेटचा झोल काढा. ब्रॅकेट जाड, सरळ पाइपावर बांधा, वर शून्य करा, पाइप फिरवून डायल खाली आणा. जे वाचन येईल तो झोल. दर वेळी तो वजा करायचा. ब्रॅकेट लांब असेल तर हाच आकडा तुमच्या पूर्ण मर्यादेपेक्षा मोठा निघू शकतो.

आणि मशीन गार असताना केलेलं अलाइनमेंट गरम झाल्यावर तेच राहत नाही. पोलाद दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०१२ मिमी वाढतं. शाफ्टची मध्यरेषा पायापासून ३०० मिमी उंच आणि पाय ५० अंशांनी तापले, तर मध्यरेषा ०.१८ मिमी वर जाते. दोन्ही बाजू सारख्याच तापत असतील तर बिघडत नाही. गरम पाणी किंवा गरम तेल हाताळणाऱ्या पंपाला मात्र गार अवस्थेत मुद्दाम फरक ठेवावा लागतो. तो आकडा पंपाच्या मॅन्युअलमध्ये असतो.

पाइप पंपाला ओढतोय का

अलाइनमेंट अचूक केलं आणि आठवड्याने परत बिघडलेलं सापडलं, की संशय पाइपवर घ्या. कपलिंगवर एक डायल उभा, एक आडवा लावा. लाइन रिकामी आणि थंड आहे याची खात्री करून फ्लेंजचे बोल्ट हळूहळू सोडा. काटा ०.०५ च्या पुढे हलला तर पाइप पंपाला वाकवतोय. फ्लेंज चेन ब्लॉकने ओढून जुळवलेली असते तिथे हे हमखास दिसतं. उपाय पाइपमध्ये आहे: सपोर्ट हलवणं, नाहीतर तुकडा कापून नव्याने जोडणं. हे काम पायपिंगच्या वेल्डरचं. आपण डायल लावून उभं राहायचं आणि शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत काटा हलू द्यायचा नाही.

मापं: शाफ्ट आणि हाउसिंग

आता मशीन उघडायचं. ६३०९ चं उदाहरण पुढे नेऊ. आतला व्यास ४५. के-५ फिट (के-५, एच-७ हे मापातली सूट सांगणारे ठरलेले वर्ग) असेल तर शाफ्ट ४५.००२ ते ४५.०१३ मध्ये हवा. हाउसिंग एच-७ असेल तर १००.००० ते १००.०३५. मायक्रोमीटर आणि बोअर गेज घेऊन दोन ठिकाणी, तीन दिशांना मोजा. भाग आणि गेज दोन्ही एकाच तापमानाला आलेले हवेत. आत्ताच गॅसने तापवलेला शाफ्ट मोजण्यात काही हशील नाही.

बेअरिंग शाफ्टवर हाताने सरकत असेल तर कुणीतरी पंच आणेल. शाफ्टवर टोचे मारून बेअरिंग घट्ट बसवायची पद्धत सगळीकडे आहे, आणि पुन्हा पुन्हा जाणाऱ्या बेअरिंगांमागे ती बरेचदा सापडते. रिंग फक्त टोच्यांच्या टोकांवर टेकते, टोकं दबतात, काही दिवसांत ती पुन्हा मोकळी. शिवाय ती मध्यात बसत नाही. रिटेनिंग कंपाउंड (फट भरून धरणारं चिकट द्रव्य) तात्पुरतं चालतं. खरा उपाय म्हणजे जागा भरून ग्राइंडिंग किंवा स्लीव्ह.

बसवताना इंडक्शन हीटरवर ८० ते ११० अंश पुरतात, १२० च्या वर नेऊ नका. उघडी ज्योत अजिबात नाही. थंड बसवायचं असेल तर शाफ्टवर बसवताना आतल्या रिंगवर टेकणारा पाइप वापरा, मार बॉलमधून जाता कामा नये. आणि दोन टोकांपैकी एकच बेअरिंग जखडलेलं हवं. दुसऱ्याच्या बाहेरच्या रिंगला कव्हरपाशी जागा ठेवा, म्हणजे शाफ्ट तापून वाढला की ती सरकेल. दोन्ही कव्हरं आवळून ‘प्ले’ शून्य केला की काम नीटनेटकं दिसतं, आणि बेअरिंग आडव्या रेट्याने मरतं.

वीज

शिडीसारख्या रेघा दिसल्या आणि मोटरला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) असेल तर शाफ्टमधून करंट बेअरिंगातून जमिनीकडे जातोय. ग्रीस काळं पडलेलं असतं. इलाज म्हणजे शाफ्टला अर्थिंग ब्रश किंवा रिंग, मोठ्या मोटरला कपलिंगच्या विरुद्ध टोकाला इन्सुलेटेड बेअरिंग, आणि केबल-अर्थिंगची तपासणी. हे ठरवणं इलेक्ट्रिकलच्या माणसाचं काम आहे. व्हीएफडी नसताना तसं दिसलं तर जवळपास वेल्डिंग कुठे झालं आणि अर्थिंगचा क्लॅम्प कुठे लावला होता, हे विचारा. क्लॅम्प वेल्डच्या शेजारी हवा, मशीनच्या पलीकडे नको.

इथे थांबा, माणूस बोलवा

खालीलपैकी काही असेल तर स्वतः पुढे जाऊ नका.

- कपलिंगपाशी शाफ्टचं रनआउट (फिरवताना डायलवर दिसणारं डोलणं) ०.०५ मिमीच्या वर: शाफ्ट वाकलाय. प्रेसवर सरळ करायचा मोह टाळा, मशीन शॉपला पाठवा.
- शाफ्टची किंवा हाउसिंगची जागा मापाबाहेर गेलीय.
- पाया चिरलाय किंवा ग्राउट सुटलंय. हे सिव्हिलचं काम, आणि त्याआधी केलेलं अलाइनमेंट वाया जातं.
- ज्वालाग्राही वायूच्या जागेतली फ्लेमप्रूफ मोटर. तिचं कव्हर उघडून घासणं किंवा सँडिंग करणं म्हणजे तिचं प्रमाणपत्र घालवणं.
- चालू मशीनचं तापमान बघता बघता चढतंय, किंवा तेलात धातूचे कण चमकतायत. मशीन लगेच बंद करा. प्रॉडक्शनला ‘शिफ्ट संपेपर्यंत’ हवं असतं, पण बेअरिंग जाम झालं की शाफ्टही जातो.
- वरचं सगळं बरोबर निघालं आणि थरथर तरीही आहे. आयएसओ २०८१६-३ (२०२२ आधीचं १०८१६-३) प्रमाणे १५ ते ३०० किलोवॅटच्या, कडक पायावरच्या मोटरला सेकंदाला २.८ मिमीपर्यंत चालवायला हरकत नाही, ४.५ च्या वर नुकसानीचा पट्टा सुरू होतो. त्या मधल्या आणि वरच्या आकड्यांना स्पेक्ट्रम (थरथर कोणत्या वेगाची किती, हे दाखवणारा आलेख) वाचणारा व्हायब्रेशनवाला लागतो. बॅलन्स, रेझोनन्स, इम्पेलरचं कॅव्हिटेशन हे कान लावून वेगळं करता येत नाही.

त्याला बोलवाल तेव्हा सोबत या गोष्टी तयार ठेवा: खुणा केलेलं जुनं बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत, न धुतलेल्या ग्रीसचा नमुना वेगळा, बेअरिंगचा पूर्ण नंबर, बदलल्याच्या तारखा, अलाइनमेंटचे आधीचे-नंतरचे आकडे आणि चारही पायांची सॉफ्ट फूटची वाचनं. एवढं हातात असलं की त्याला कुठून सुरुवात करायची हे विचारावं लागत नाही.